मदत हवी आहे: 'ओटीलिअ' या जर्मन नावाचा नेमका अर्थ काय?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत फ्रायबुर्गला असते, नवरा इथलाच आहे, आणि डिसेंबरात आमच्याकडे बाळ येतंय, मुलगी आहे (इथे आधी सांगतात). नवऱ्याच्या पणजीचं नाव ओटीलिअ होतं, तेच ठेवावं असं त्याच्या फार मनात आहे आणि मलाही ते मनापासून आवडलंय. इडा, फ्रीडा, मथिल्डा अशी पणजीच्या काळातली नावं इथे आता परत पाळण्यात यायला लागलीयेत, त्यामुळे म्हातारं नाव असं कुणी म्हणत नाही.

गाडी अडलीये ती अर्थावर. सांगलीला आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "अर्थ काय गं त्याचा?" आणि तिचं बरोबरच आहे, बारशाला आत्याने कुर्र केलं की जमलेल्या सगळ्या बायका हेच विचारणार. मी नेटवर शोधायला बसले तर एक साइट म्हणते श्रीमंत, दुसरी म्हणते वडिलोपार्जित वारसा, तिसरी म्हणते लढाईत यश मिळवणारी. आता एकाच नावात पैसा, जमीन आणि लढाई हे सगळं कसं काय बसतं? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो आमच्याकडे कुणी अर्थ बघत नाही, माणसाच्या आठवणीसाठी नाव ठेवतात.

मला एवढं माहितीये की हे नाव संत ओडीलिआवरून आलंय. सातव्या शतकात आल्सासच्या (ऱ्हाइन नदीपलीकडचा, आता फ्रान्समधला प्रदेश) सरदाराच्या घरी ती आंधळी जन्मली, बापाला ती डोळ्यासमोर नको होती म्हणून तिला लांब मठात वाढवलं, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिला दिसायला लागलं अशी कथा आहे. नंतर त्याच बापाने तिला डोंगरावरची होहेनबुर्गची जागा दिली आणि तिथे तिने मठ काढला, आज त्या डोंगरालाच तिचं नाव आहे, स्ट्रासबुर्गपासून जवळच. आमच्या गावाबाहेर जंगलातही तिचं देऊळ आहे, सांक्ट ओटीलिएन म्हणतात. तिथे झरा आहे आणि त्याचं पाणी डोळ्यांना लावायची रीत आहे. ती बापापासून पळत ऱ्हाइन ओलांडून इकडे आली, तेव्हा खडक उघडला आणि त्याने तिला आत घेतलं अशी इथली दंतकथा. तिची मूर्ती कुठेही ओळखता येते, हातात पुस्तक असतं आणि पुस्तकावर दोन डोळे ठेवलेले असतात, नुसते डोळे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आता तेच मला या नावातलं सगळ्यात जवळचं वाटतं.

तर जर्मन भाषा शिकलेलं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा, खरा अर्थ कुठला धरायचा? आणि अजून एक, लाडाने इथे 'ओटी' म्हणतात, आपल्याकडे ते खणानारळाची ओटी होणार, तर हाक मारायला दुसरं काही आहे का?

प्रतिसाद १

अभिनंदन ताई! मी पुण्यात जर्मन शिकवते, जमेल तसं सांगते.

लढाई आधी काढून टाका. मथिल्डे, क्लोटिल्डे, ब्रूनहिल्डे या नावांत शेवटी 'हिल्ट' आहे, म्हणजे जुन्या जर्मनमध्ये लढाई. ओटीलिअ कानाला तशीच लागते म्हणून साइटवाल्यांनी तिलाही त्याच रांगेत बसवलंय. पण तिचं जुनं रूप ओडिला, ओडिलो या पुरुषाच्या नावाचं स्त्रीरूप. त्यातला 'इल' हा लाडाचा प्रत्यय आणि पुढे लॅटिन लिहिणाऱ्यांनी 'इआ' लावला, झालं ओडीलिआ.

राहिले पैसा आणि जमीन. 'ओट' म्हणजे धन, मालमत्ता, ऑटो हे नाव त्यातलंच. 'उओडाल' म्हणजे बापजाद्यांकडून आलेली जमीन, घराणं जिथलं ती भूमी, उलरिश हे नाव त्यातलं. मुळात दोन वेगळे शब्द आहेत, पण जुन्या लॅटिन कागदपत्रांत दोन्हीकडे 'ओड' लिहिलेलं सापडतं, म्हणून सरमिसळ झाली आणि पुस्तकांतही दोन्ही अर्थ देतात. तुम्हाला मिळालेले ते दोन्ही अर्थ खोटे नाहीत. आईंना सांगायचं तर मी 'वतन' सांगेन, सांगलीत हा शब्द कुणाला समजवावा लागणार नाही, आणि पणजीचं नाव पणतसुनेच्या लेकीला जातंय तर शोभतोही.

प्रतिसाद २

हाक मारायला टिली चालेल, तीही तिकडे प्रचलित आहे. अजून एक म्हणजे ओटला. प्रागचा जर्मन लेखक फ्रान्झ काफ्का, त्याची सगळ्यात धाकटी बहीण ओटीलिअच, घरात ओटला, त्याची सगळ्यात जीवाची. १९४३ मध्ये नाझींच्या तेरेझिनच्या छावणीतून मुलांची एक तुकडी हलवली तेव्हा ती त्यांची देखभाल करायला स्वतःहून सोबत गेली आणि आउश्वित्सच्या मृत्युछावणीत मारली गेली. संत वगैरे बाजूला ठेवलं तरी या एका बाईसाठी हे नाव ठेवावं असं मला वाटतं.

आणि ताई, १३ डिसेंबर ही ओडीलिआची तिथी, दक्षिणेकडचे कॅथलिक लोक त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी शुभेच्छा देतात. त्याच दिवशी संत लुसियाचीही तिथी असते, तीही डोळ्यांचीच संत. तुमची तारीख कधीची आहे?

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे. तारीख १० च्या आसपास दिलीये, बघू. आईला वतन सांगितलं तर लगेच म्हणाली, "मग चांगलंय की." ओटलाबद्दल नवऱ्यालाही माहीत नव्हतं, तो रात्री बराच वेळ वाचत बसला होता. नोंदणीत ओटीलिअ पक्कं, दुसरं नाव मराठी देणार आहोत. त्याला शोभेल असं दोन-तीन अक्षरी काही सुचत असेल तर सांगा, जर्मन जिभेला जमेल असं, म्हणजे 'ळ' आणि 'ज्ञ' नको.