मिसफायर पकडणारी यंत्रणा '९४.५ टक्के अचूक' म्हणावी का?

वाळूजकर: टेस्ट बेडवर (इंजिन चालवून तपासायच्या मंचावर) २०० डिझेल इंजिनं तपासली. २० मध्ये इंजेक्टरचा कनेक्टर काढून मुद्दाम मिसफायर (सिलिंडरमध्ये ज्वलनच न होणं) घडवला, त्यातले १८ पकडले. चांगल्या १८० पैकी ९ वर उगाच दिवा लागला. म्हणजे २०० पैकी १८९ बरोबर. अहवालात हाच एक आकडा द्यावा का?

डिझेलभाऊ: अजिबात नको. सगळ्यांना डोळे झाकून 'ठीक' म्हणणारी यंत्रणाही ९० टक्के मिळवते! पकड ९० टक्के, खोटा इशारा ५ टक्के, असं वेगवेगळं लिहा. त्यात बिघाडाचे नमुने २०च. विल्सन पद्धतीने (कमी नमुन्यांतही चालणारं सूत्र) पकडीचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा, म्हणजे खरी टक्केवारी जिथे असण्याचा भरवसा धरतात ती मर्यादा, साधारण ७० ते ९७ टक्के निघतो. आणि रस्त्यावर १००० गाड्यांत १०च बिघडलेल्या असतील, तर ९ खरे इशारे अन् जवळपास ५० खोटे. मेकॅनिक दिव्याकडे बघणंच सोडून देतो.

लातूरचा_गिअर: एकाच इंजिनाच्या दहा फेऱ्या म्हणजे दहा नमुने नव्हेत, मोजणी इंजिनागणिक करा. शिवाय खड्ड्यांत चाकाचे हिसके ड्राइव्हलाइनमधून (चाकं आणि इंजिन जोडणाऱ्या भागांतून) क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यापर्यंत पोचतात, त्याचा वेग डळमळतो, सेन्सरला मिसफायरच वाटतो. बीडकडच्या एखाद्या उखडलेल्या रस्त्यावरचे खोटे इशारे वेगळे मोजा, बेडवर ते दिसणारच नाहीत.

वाळूजकर: जुन्या यंत्रणेशी तुलना कशी करू?

डिझेलभाऊ: तीच इंजिनं दोन्हींना द्या, मॅकनेमार (अशा जोडीच्या तुलनेची संख्याशास्त्रीय चाचणी) लावा. मतभेद झालेलीच, म्हणजे एक यंत्रणा बरोबर अन् दुसरी चूक ठरली अशीच इंजिनं मोजायची. समजा ८ मतभेद, ६ नवीच्या बाजूने, २ जुनीच्या: नेमकं द्विपद गणित केलं तर पी ०.२९, म्हणजे दोन्ही सारख्याच असत्या तरी योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता २९ टक्के. एवढ्यावर नवी सरस म्हणता येत नाही, नमुने वाढवा.