बुल म्हणजे बैल नव्हे

भाचीच्या इंग्रजीच्या वहीत परवा ‘बुल – काऊ’ ही जोडी दिसली. तिच्याखाली मराठी अर्थ ‘बैल – गाय’ असा लिहिला होता आणि शेजारी बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण होती. ती खूण मला खटकली. बुल म्हणजे खच्ची न केलेला, पैदाशीसाठी राखलेला नर, ज्याला आपण वळू किंवा सांड म्हणतो; खच्ची करून औताला नाहीतर गाडीला जुंपलेला तो बैल, आणि त्याला इंग्रजीत ऑक्स किंवा बुलक असे म्हणतात. वारीच्या दिवसांत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-टाळांच्या गजरात आणि पाया पडणाऱ्यांच्या रेटारेटीत पालखीच्या रथाची खिल्लार जोडी मान खाली घालून चालत राहते, ती बैलांची असते म्हणून. तिथे वळू जुंपण्याचे धाडस कोणी करणार नाही. शेअरबाजारात तेजीचे प्रतीक म्हणून शिंगे उगारून उभा असलेला प्राणीही बैल नसून वळूच आहे.

गंमत अशी की येथे दोन्ही भाषांची विभागणी जवळपास तंतोतंत जुळते. ज्या जनावरांवर पोट चालते त्यांच्या नर, मादी, पिल्लू आणि खच्ची केलेला नर यांना वेगवेगळी नावे लागतात. आपल्याकडे गोऱ्हा, खोंड, कालवड, म्हशीच्या कुळात रेडा, पारडू. त्यांच्याकडे मेंढ्यांत नर तो रॅम, मादी ती यू आणि खच्ची केलेला वेदर. मात्र इंग्रजीत बुल हा शब्द हत्ती आणि देवमासा यांच्या नरांनाही लागतो. ‘बुल एलिफंट’ म्हणजे साधा नर हत्ती. तेथे बैलाचा काही संबंध नाही.

संपूर्ण जातीचे नाव कोणाकडून घ्यायचे, याचा मात्र इंग्रजीत नेम नाही. डक हे मादीचे नाव सगळ्या बदकांना लागले आणि नर ड्रेक मागे पडला. डॉगच्या बाबतीत उलटे झाले, नराचे नाव जातीचे ठरले आणि मादीचे नाव शिवी होऊन बसले. आपल्याकडे क्रियापद घोटाळा निस्तरते: ‘कुत्री भुंकते’ म्हटले की मादी, ‘कुत्री भुंकतात’ म्हटले की बहुधा गल्लीतली सगळी टोळी.

फॉक्सच्या मादीला व्हिक्सन म्हणतात. जुन्या इंग्रजीत शब्दातला स्वर बदलून आणि शेवटी ‘एन’ लावून स्त्रीलिंगी रूप करण्याची रीत होती, तिचा हा उरलेला अवशेष. आरंभीचा ‘व’ दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून आला. तिचे भाषांतर सर्रास ‘कोल्ही’ असे होते. परंतु कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड हा स्वतंत्र शब्द आहे, तेव्हा व्हिक्सनला ‘खोकडाची मादी’ म्हणावे. जोडशब्द लांबतो, पण प्राणी तरी बदलत नाही.

मोर-लांडोरीला पीकॉक-पीहेन चपखल बसतात. कावळा आणि घार यांच्यापाशी मात्र जोडीच नाही: मराठीत कावळा सदैव पुल्लिंगी, घार सदैव स्त्रीलिंगी, मग अंडी कोणी का घालेना. तेथे ‘मादी कावळा’ आणि ‘नर घार’ असेच लिहावे लागते.