शब्दचर्चा : कल्पित वेली आणि जिवांना मराठी नावे

प्रश्न : एका अद्भुत दुनियेच्या गेममध्ये अंधार पडल्यावर उजळणारा वेल आहे आणि लोखंडावरचा गंज चाटून जगणारा, मांजराएवढा प्राणी आहे. ‘प्रकाशलता’ आणि ‘लोहभक्षी’ ही नावे बेतलेली वाटतात. अस्सल वाटणारी नावे कशी घडवावीत? आणि सगळ्यांना मिळून ‘श्वापदे’ म्हणावे का?

— ‘श्वापद’ नको, त्यात हिंस्रपणा आलाच. ‘जनावर’ म्हटले की गुरे आठवतात, शिवाय बोलीत सापालाही जनावर म्हणतात. ‘जीव’ ठेवा, त्यात वेलीही मावतात.

— बोलीतली नावे आधी जे दिसते, ऐकू येते, अंगाला लागते त्यावरून पडतात. तांबट पक्ष्याचा आवाज तांबे ठोकल्यासारखा. सातभाई थव्याने हिंडतात. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव लागली की खाज सुटते. ‘लोहभक्षी’ हे वर्गीकरण झाले, पाहणाऱ्याच्या तोंडून निघालेले नाव नव्हे. तो चाटताना दिसतो ना? मग ‘गंजचाट्या’. संस्कृत नावही टाकू नका. खाजकुयलीलाच आयुर्वेदात कपिकच्छू म्हणतात. कपि म्हणजे वानर, कच्छू म्हणजे खाज. तसे वैद्याच्या पोथीत ‘लोहभक्षी’ आणि गावकऱ्यांच्या तोंडी ‘गंजचाट्या’ असू द्या. दोन्ही एकच, हे खेळणाऱ्याला शोधू द्या.

— वेलाला ‘दिवेलागण’ म्हटले तर?

— शब्द सुंदर आहे, पण प्रत्यय लावून पाहा. ‘दिवेलागणीला पाणी घाल’ म्हणजे वेलीला घालायचे की तिन्हीसांजेला? त्यापेक्षा ‘काजवेल’ घ्या : काजवा अधिक वेल, जोडताना एक ‘व’ गळला. मात्र ‘वेल’ दोन्ही लिंगांत चालतो. स्त्रीलिंगी धरला तर काजवेलीला, अनेक काजवेली. पुल्लिंगी धरला तर काजवेलाला, अनेक काजवेल. ‘अमरवेल’, ‘गुळवेल’ बहुधा स्त्रीलिंगी ऐकू येतात, म्हणून मी तेच धरेन.

— खरी अडचण पुढे येते. प्रोग्रामने नावाला थेट ‘ला’, ‘ने’ चिकटवले की ‘झुडूपने’, ‘बांडगूळला’ असे काहीतरी पडद्यावर उमटते. हवे ‘झुडपाने’, ‘बांडगुळाला’. म्हणून प्रत्येक नावाला पाच रकाने करा : लिंग, एकवचन, अनेकवचन आणि दोन्ही वचनांची सामान्यरूपे. गंजचाट्या पुल्लिंगी, अनेकवचन गंजचाटे (बिबट्या, बिबटे तसे), सामान्यरूपे गंजचाट्या- आणि गंजचाट्यां-. प्रत्ययही वचनाप्रमाणे बदलतो : गंजचाट्याने, पण गंजचाट्यांनी.

— याला एक जोड. ‘गंजचाट्याने ढाल खाल्ली’, ‘भाला खाल्ला’, ‘चिलखत खाल्ले’. क्रियापदाचे रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून लिंगाचा रकाना शस्त्रांच्या यादीतही लागेल. हे संवाद लिहून झाल्यावर लक्षात आले तर प्रत्येक वाक्य पुन्हा उघडावे लागते.

— आणि ओळखीचा शब्द जोडताना त्याचा स्वभावही पाळा. अमरवेल पिवळसर, बिनपानांची. अन्नपाणी दोन्ही आधाराच्या झाडाकडून ओढते. बांडगुळाला हिरवी पाने असतात. ते अन्न स्वतः बनवते, पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाचे घेते. झाडाला पुरते शोषून वाळवणारा जीव चितारायचा असेल, तर नावात ‘बांडगूळ’ नको, ‘अमरवेल’ हवी.