अनुभव धागा : केवळ थंडीतच मिळणारी घरातली सुखे

थंडी म्हटली की हुरडा, शेकोटी आणि पहाटेचे फिरणे यांवर भरभरून लिहिले जाते, आणि ते सगळे घराबाहेरचे असते. या धाग्यावर मात्र दारे-खिडक्या लावून घेतल्यानंतरचे अनुभव हवे आहेत. अट एकच आहे : सांगितलेले सुख थंडीमुळेच मिळालेले असावे. चहा आणि पुस्तक बाराही महिने चालते, त्यामुळे तेवढ्यावर भागवू नये. महाराष्ट्राबाहेरच्या आणि परदेशातल्या मंडळींनी आवर्जून लिहावे, कारण खरी थंडी त्यांच्याच वाट्याला येते.

सुरुवात मीच करतो. पुण्यातल्या आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असल्यामुळे दुपारचे ऊन खिडकीच्या कट्ट्यापुढे येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही, आणि ऊन थेट आतल्या सतरंजीपर्यंत पोहोचते. जेवणे आटोपली की आई त्या उन्हाकडे पाठ करून मटार सोलायला बसते, शेजारी गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली वितळायला ठेवते आणि ऊन सरकेल तशी सतरंजीही सरकवत नेते. त्या वेळेत तिला कोणी उठवलेले तिला खपत नाही.

मुंबईहून

आमच्या थंडीला आपण सगळे हसता, हे मला ठाऊक आहे. तरीही जानेवारीत अशा काही रात्री येतात, जेव्हा आम्ही पंखा बंद करतो. वर्षभर त्या घरघरीची इतकी सवय झालेली असते की ती थांबल्यावर घरातले बाकीचे आवाज नव्याने कळतात : भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, शेजारच्या आजोबांचा खोकला आणि दूरवरून जाणारी शेवटची लोकल. शिवाय एरवी नुसतीच कपाटात पडून राहणारी आजीची गोधडी अंगावर घेता येते. एवढ्यावर आमचा हिवाळा संपतो.

मिनियापोलिसहून

इथे जानेवारीत पारा उणे वीस अंशांखाली जाणे नवलाचे नाही. बाहेरच्या थंड हवेत बाष्प मुळातच कमी असते आणि तीच हवा घरात येऊन तापली की अधिकच कोरडी होते. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसतो, आणि विरजण ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवल्याखेरीज लागत नाही. या कोरडेपणाचा मला एकच उपयोग सापडला, तो म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा.

पुतणीच्या बोरनहाणासाठी दागिने करायचे ठरले, तेव्हा हलवा भारतातून मागवण्याऐवजी मी घरीच करायला घेतला. जाड बुडाच्या परातीत खसखस घेऊन परात अगदी मंद आचेवर ठेवायची, चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. पाक सुकला की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढुरके दिसतात आणि आपण उगाच वेळ घालवतो आहोत, असे वाटते. पुट चढत जाते तसा दाणा बोटांना खरखरीत लागू लागतो, आणि मग एका संध्याकाळी त्यावर बारीक टोके उभी राहिलेली दिसतात. दमट मुंबईत माझ्या आईला यासाठी जेवढे थांबावे लागत असे, त्या मानाने इथे पाक झटपट सुकतो. रस्त्यावर बर्फ उपसणारी गाडी फिरत असते, शाळांना सुट्टी जाहीर झालेली असते आणि मुलगा समोर बसून पुठ्ठ्याच्या मुकुटावर दोऱ्याने एकेक दाणा बांधत असतो. एरवी त्याला एका जागी बसवणे मला जमलेले नाही.

हेलसिंकीहून

आमची अडचण थंडीपेक्षा अंधाराची अधिक आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो, सव्वातीनच्या सुमारास मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर येतो. पुण्याच्या ४८ अंशांचा हिशेब वाचून हेवा वाटला. परंतु इथल्या बऱ्याच इमारतींत रहिवाशांसाठी सामाईक सौना असतो आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक वार व तास ठरवून मिळतो. लाकडी फळीवर बसायचे आणि तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकायचे. वाफेचा लोट आधी कानांच्या पाळ्यांना जाणवतो आणि मग पाठीवर उतरतो. सुरुवातीला मी संकोचाने टाळत असे. आता आमच्या वाराला कोणी जेवायला बोलावले, तर मी सरळ दुसरा दिवस मागून घेतो.

निफाडहून

आपले लेख वाचून बरे वाटले, पण आमच्याकडे थंडी म्हणजे घराबाहेर पडण्याची सक्ती असते, हेही नोंदवावेसे वाटते. पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाण्याची भीती असते, म्हणून रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर धरावा लागतो. त्या रात्री घरात बसून सुख शोधण्याचा प्रश्नच येत नाही. पहाटे परतल्यावर मात्र बंबातले कढत पाणी आणि चुलीपाशी बसून खाल्लेली, तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा यांचे मोल शहरातल्या माणसाला कळणार नाही. अटीत बसत असेल तर धरावे.

दिल्लीहून

इथली लाल गाजरे थंडीतच येतात आणि ती किसून दुधात आटवण्याइतका वेळ धुके दाटलेल्या रविवारी नक्की असतो. एक सूचना मात्र करावीशी वाटते : कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कोणीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत काहीच कळत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात यामुळे माणसे दगावतात.

मिनियापोलिसच्या ताईंना एक विचारायचे आहे : माझ्या हलव्याला काटा न येता साखरेचा भुगाच का होतो?

मिनियापोलिसहून

आच मोठी असावी किंवा पाक एका वेळी जास्त पडत असावा. परातीखाली तवा ठेवून पाहा, पाक पातळसरच ठेवा आणि काटा दिसू लागला की बोटे अगदी हलकी फिरवा, नाहीतर आलेली टोके घासून जातात. खसखशीवर हात बसेपर्यंत साबुदाणा घेतलात तरी चालेल. दाणा मोठा असल्यामुळे तो चिकटला तरी लगेच सुटा करता येतो.