शहर मोठं झालं की वाढ आपोआप मंदावते का?

वाकडवासी:
2001 ते 2011 मध्ये पुणे मनपा 25 लाखांवरून 31 लाखांवर गेली, म्हणजे 23 टक्के वाढ. पिंपरी-चिंचवड 10 वरून 17 लाख, 70 टक्क्यांच्या वर! आणि बृहन्मुंबई सव्वा कोटीची असून जेमतेम 4 टक्के. मग जितकी जास्त लोकसंख्या तितकी कमी वाढ असा काही नियम आहे का? देशांचंही तसंच असतं का? आमच्याकडे पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडला पाण्याचे टँकर रोज येतात, हे थांबणार कधी तेच कळत नाही म्हणून विचारतोय.

डोंबिवलीकर:
असा नियम नाहीये. मुंबई शहर जिल्हा 33 लाखांवरून 31 लाखांवर आला, पण त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होतं) 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. एवढा मोठा असूनही 36 टक्के! गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तिथे घर घेणं परवडेना मग माणसं डोंबिवली, विरारला आली. आणि सिंधुदुर्ग बघा, लोकसंख्येत राज्यातला सगळ्यात छोटा जिल्हा, तरी तो घटलाच. म्हणजे आकाराचा संबंध नाही, काम कुठे आणि परवडणारं घर कुठे त्यावर सगळं आहे.

आकडेमोड:
+1. फक्त टक्क्यांवर जाऊ नका हो. भारताची वाढ 1991-2001 मध्ये 21.5 टक्के होती ती पुढच्या दशकात 17.7 वर आली, पण माणसं दोन्ही वेळा साधारण 18 कोटीच वाढली, कारण मुळातला आकडाच मोठा झाला होता.
देशांचं गणित वेगळं, तिथे स्थलांतरापेक्षा जन्मदर जास्त महत्त्वाचा. नायजेरिया 20 कोटींच्या वर आहे तरी भराभर वाढतोय, बल्गेरिया 1980 च्या दशकात 90 लाखांच्या जवळ होता तो 2021 च्या जनगणनेत 65 लाखांवर आलाय. छोटा असून घटतोय. आपल्याकडे बाईमागे सरासरी मुलं 2 वर आलीत, महाराष्ट्रात तर 1.7, तरी आकडा वाढतोच कारण मुलं होण्याच्या वयातली माणसंच खूप आहेत.

वाकडवासी:
म्हणजे वाकडला शेजारच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांमुळे माणसं येतायत तोवर टँकर चालूच राहणार?

डोंबिवलीकर:
माणसं येणारच, टँकर यायलाच पाहिजेत असं नाही. बांधकाम परवानगी देतानाच पाणी कुठून आणणार ते विचारलं पाहिजे, तुमच्या सोसायट्यांनी मिळून हे लावून धरा. तुमच्या वॉर्डात आता नेमके किती लोक आहेत ते 2027 च्या जनगणनेतच कळेल, 2011 नंतर मोजणीच झालेली नाही.