वाळूला दोष देण्याआधी दिव्याखालचं तापमान मोजा

मेलबर्नचा_मामा
परवा इथे कुणीतरी लिहिलंय की बिअर्डेड ड्रॅगनला (हा ऑस्ट्रेलियातला पाळीव सरडा) वाळूवर ठेवणारे सगळे मारेकरी आहेत, टाकीत खाली पेपर टॉवेल सोडून काहीही घालू नका. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मी सहा वर्षं लायसन्स काढून बिअर्डी पाळतोय. इथून वर मिल्ड्युरा गावाकडे गेलं की हेच प्राणी कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसलेले दिसतात, आणि खाली असते लाल रेताड माती, उन्हाने वरून टणक झालेली. माझ्या काचेच्या टाकीत ७० टक्के बिनखताची माती आणि ३० टक्के प्ले सँड (मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू) आहे, पाणी घालून चोपून बसवली आणि पूर्ण सुकू दिली की सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते. संध्याकाळी आमची बया कोपऱ्यात खणते, पुढच्या पायाने माती मागे फेकते, मग त्या खळग्यात पोट टेकून डोळे मिटून पडते. तीन वर्षं टाइलवर होती तेव्हा हे एकदाही बघितलं नाही. मोकळी वाळू वेगळी आणि घट्ट बसवलेली माती वेगळी, सगळ्याला एकच नाव देऊ नका.

जर्सीची_आई
मामा, ती पोस्ट माझीच. मुलाच्या हट्टापायी पहिला बिअर्डी आणला, दुकानदाराने कॅल्शियम सँडची पिशवी दिली, म्हणाला पोटात गेली तरी विरघळते. चार महिन्यांत त्याने खाणं सोडलं, नऊ दिवस शी नाही, मागचे पाय ओढत चालायला लागला. एक्स-रेमध्ये पोटात पांढरा गोळा स्पष्ट दिसत होता. वाचला नाही. मुलगा आठवडाभर त्या रिकाम्या टाकीसमोर बसायचा. तुमचं अंगण तुमच्यापाशी ठेवा.

रातकिडे_संपले
ताई, वाईट झालं खरंच. कॅल्शियम सँडबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, ती विकणंच बंद व्हायला हवं. कॅल्शियम म्हणून प्राणी मुद्दाम चाटतो आणि ओली झाली की गोळा धरते. अक्रोडाच्या टरफलांचा चुराही तसलाच वाईट. पण एक विचारतो, राग मानू नका, बास्किंगच्या दगडावर, म्हणजे दिव्याखाली तो ऊब घेत बसतो तिथे, तापमान किती होतं? पाय ओढणं हे नुसत्या इम्पॅक्शनचं (आतडं तुंबण्याचं) लक्षण नाही, हाडं मऊ झाली की पण तसंच होतं. आणि कॅल्शियम कमी पडलेला प्राणी समोर असेल ते चाटत सुटतो.

जर्सीची_आई
काचेवर चिकटवायचं गोल थर्मामीटर होतं, त्यावर ३५ दाखवायचं. म्हणजे आता चूक माझी का? ज्याचा प्राणी गेला त्यालाच उलटतपासणी?

पिंपरीचा_गेको
कुणाची चूक काढत नाहीये हो कोणी. माझ्याकडे लेपर्ड गेको (पालीच्या जातीचा) आहे, पेपर टॉवेलवर, काही त्रास नाही. आणि हे यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचे) दिवे वगैरे दुकानदारांचं खूळ आहे. मित्राचा बिअर्डी खिडकीच्या काचेमागे ठेवलाय, सकाळी दोन तास कडक ऊन येतं, फुकट. आपल्याकडे उन्हाची काय कमी!

मेलबर्नचा_मामा
अरे देवा. काचेतून ऊब येते, उजेड येतो, यूव्हीबी जवळपास काहीच येत नाही! ते नाही मिळालं तर अंगात व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नाही तर कितीही कॅल्शियम पावडर भुरभुरा, अंगी लागत नाही. वर बंद काचेची टाकी थेट उन्हात म्हणजे भट्टी, अर्ध्या तासात प्राणी जाईल. मित्राला आज सांग.

पिंपरीचा_गेको
आठ महिने झाले, टुणटुणीत आहे. तुम्ही तिकडचे लोक दिवे विकत घेऊ शकता, इथे चांगली टी५ ट्यूब (यूव्हीबीची बारीक ट्यूबलाइट) मिळवायची म्हणजे काय दिव्य असतं ते या आणि बघा.

रातकिडे_संपले
आठ महिन्यांत दिसत नाही रे, तिथेच फसतो माणूस. माझ्या पहिल्या बिअर्डीचा खालचा जबडा दीड वर्षाने रबरासारखा वाकायला लागला, मी बोटाने हळूच दाबला आणि आत गेला. तो स्पर्श अजून आठवतो. ट्यूब होती माझ्याकडे, पेटत पण होती, पण दोन वर्षं बदलली नव्हती. उजेड राहतो, यूव्हीबी उतरतं. शिवाय वर बारीक जाळी होती, ती पण बरंच अडवते.

पिंपरीचा_गेको
हे माहीत नव्हतं. ठीक आहे, फोन करतो त्याला. पण पेपर टॉवेलबद्दल माझं मत बदललेलं नाही.

मेलबर्नचा_मामा
बदलू नकोस, पिल्लाला, नव्या आणलेल्याला, आजारी असलेल्याला पेपरच बरा. शी दिसते, जंत तपासायला नमुना घेता येतो. माझं म्हणणं एवढंच की निरोगी मोठ्या प्राण्याला जन्मभर त्यावर ठेवू नका, नखं झिजत नाहीत, खणायला काही नाही. आणि ताई, थंड टाकीत पचन मंदावतं, मग थोडी वाळू पोटात गेली तरी पुढे सरकत नाही. काचेवरचं थर्मामीटर काचेजवळची हवा मोजतं, दगड नाही. टेम्प गन (लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी) घ्या, दगडावर ४० ते ४२ अंश हवं.

जर्सीची_आई
टेम्प गन आली काल. हल्लीचा दुसरा बिअर्डी स्लेट टाइलवर आहे, त्याच्या बास्किंगच्या जागी लावून बघितली. ३३. तीनदा बघितलं, ३३च. काचेवरचं ते थर्मामीटर अजून ३५ दाखवतंय. दिवा बदलतेय, ट्यूबपण नवी मागवलीय. वाळू मात्र माझ्या घरात येणार नाही, माती नाही आणि तुमचं ते सारवण पण नाही. टाइलवर नखं झिजतात, धुता येते, मला पुरे.

मेलबर्नचा_मामा
टाइल चालेल. नवा दिवा लावलात की तासभर थांबून परत मोजा आणि आकडा इथे टाका.