शब्दचर्चा: 'मार्जिनलाइज्ड आंत्रप्रेन्युअर' आणि 'कॉन्फ्लिक्ट-अफेक्टेड'

प्रश्न: जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासित बायकांच्या घरगुती धंद्यांवरचं संशोधन मराठीत आणायचं आहे. 'संघर्षग्रस्त भागातील सीमांत उद्योजक' चालेल का?

प्रतिसाद १: 'सीमांत' नको. ती जागा सीमांत शेतकऱ्याने (एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या) कधीच अडवली आहे. वाचक एक हेक्टर शोधत बसेल. इथे प्रश्न परवान्याचा आहे. छावणीबाहेरच्या सीरियन कुटुंबांना घरगुती धंदा नोंदवायची मुभा २०१८ मध्ये मिळाली, तीही खाद्यपदार्थ, शिवणकाम आणि हस्तकला एवढ्यापुरती. घरी केस कापून देणारी बाई त्यात बसत नाही. 'वंचित' चालेल (आपल्याकडे त्याला निवडणुकीचा वास येतो, ते सोडा), पण कशापासून वंचित ते पहिल्याच परिच्छेदात सांगा.

प्रतिसाद २: 'संघर्ष' एकटा सोडू नका. संघर्ष समिती, जीवनसंघर्ष... शीर्षक रविवार पुरवणीतल्या यशोगाथेसारखं वाटेल. 'सशस्त्र संघर्ष' लिहा. शिवाय लढाई सीरियात, झळ जॉर्डनला. म्हणून 'युद्धग्रस्त'ही चूक. 'प्रकल्पबाधित' रुळलाच आहे, त्याच चालीवर 'संघर्षबाधित' घ्या.

प्रतिसाद ३: 'उद्योजक' शीर्षकात ठेवा, प्रश्नावलीत अजिबात नको. मकदूस (अक्रोड भरून तेलात मुरवलेली वांगी) विकणारीला 'तुम्ही उद्योजक आहात का?' विचारलं तर 'छे, मी घरीच असते' म्हणणार, आणि नमुन्यातून (पाहणीसाठी निवडलेल्या बायकांतून) गळणार. काम विचारा: 'गेल्या ७ दिवसांत विकण्यासाठी एक तास तरी काही केलंत?' श्रमबल पाहणीत (किती लोक कामावर आहेत हे मोजणाऱ्या पाहणीत) हाच एक तासाचा निकष असतो. नफा थेट विचारू नका. बरण्या किती भरल्या, किती विकल्या, घरात किती संपल्या, हे वेगवेगळं विचारा. नाहीतर घरी खाल्लेला माल तोट्यात जमा होतो. नवरा शेजारी बसून उत्तरं देत असेल तर पैशांचे प्रश्न पुढच्या भेटीवर टाका.

प्रश्नकर्ता: आणि 'स्नोबॉल सॅम्पलिंग' (एकीने पुढचीचं नाव सुचवायचं, अशी निवड)? हिमगोल?

प्रतिसाद ३: 'साखळी नमुना'. पण एकाच संस्थेच्या शिवणवर्गापासून सुरुवात केलीत तर साखळी तिथल्या तिथेच फिरते, आणि कुठल्याच संस्थेत नाव नसलेली बाई सापडत नाही. बाजार, शाळा, दवाखाना अशी चार-पाच वेगळी टोकं धरा, आणि एका बाईकडून तीनपेक्षा जास्त नावं घेऊ नका.